बाईंच्या रुपयाचे मार्क

हौसेराव जगदाळ्यांना वाचता येत होतं, हीच तर सगळी भानगड! वाचता आलं नसतं, तर चारुलताबाईंचा रुपया आजही काळाच असता आणि दोन्ही घरं सुखात असती.

पण हे शहाणपण नंतरचं. त्या शुक्रवारी सकाळी नेरूळच्या आपल्या तळमजल्यावरच्या घरात हौसेराव खुर्चीत ऐटीत बसले होते आणि खोकल्याच्या औषधाची बाटली डोळ्यांसमोर धरून बायकोला ऐकवत होते,

"प्रेमला, आता कागद कुठलाबी येऊ दे! बसची पाटी, लाइटीचं बिल, दवाची बाटली, म्या वाचणारच! मला फसवणारा अजून जन्माला यायचाय!"

"तुमाला दुसऱ्यानं कशाला फसवाय पायजे?" प्रेमला तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "तुमचं तुमी पुरेसं हाय."

हौसेरावांनी तिकडे काणाडोळा केला. तेवढी ऐट त्यांना शोभतही होती म्हणा. साताऱ्याकडून आलेला माणूस. आधी मुंबईत आणि बाजार इकडे आल्यावर वाशीत, अशी पस्तीस वर्षं पाठीवरून कांद्याची पोती वाहिलेली. आणि या पस्तीस वर्षांत जिथे सही मागितली तिथे अंगठा दिलेला. डाव्या अंगठ्याची शाई म्हणे लग्नातसुद्धा निघाली नव्हती! साठी उलटल्यावर समोरच्या दारातल्या चारुलताबाई मयेकरांनी सोसायटीच्या ऑफिसात साक्षरतेचा वर्ग काढला, आणि पहिल्या दिवशी पहिल्या ओळीत पाटी घेऊन कोण बसलं? हौसेराव! मराठी झालं. मग बाईंच्या मागे हट्ट धरून एबीसीडी झाली, इंग्रजी आकडे झाले. शेवटी परीक्षा झाली, आणि शंभरपैकी एकाहत्तर मार्क पडले. ते सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं, देवांच्या तसबिरीपेक्षा एक वीतभर वर.

एवढ्यात दारावर टकटक झाली. बाईंचे यजमान, जयप्रकाश मयेकर, हातात मऊ कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन उभे होते. बँकेतून निवृत्त झालेले, सरळ भांग पाडणारे, हळू बोलणारे गृहस्थ. जुन्या नाण्यांचा नाद. तो नादही असा, की नाणं हातात घेताना श्वास रोखून धरायचे.

"हौसेराव, एक जोखीम ठेवायची आहे तुमच्याकडे."

"ठेवा की सायेब! बाजारात लाखाचा माल आमच्या पाठीवर सोडून शेट जेवाय जायचा."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. घरात रंगारी आहेत, सगळं उघडं पडलंय. मी पुण्याला चाललोय, चारूला लेकीकडून आणायला. रविवारी सकाळी दोघं येऊन ही घेऊ आणि तसेच वाशीला जाऊ. तिथे नाण्यांचं प्रदर्शन आहे ना, तिथे हा ठेवायचाय."

कापड उलगडलं. आत तळहाताएवढी प्लास्टिकची पेटी होती, चारी बाजूंनी बंद, आणि पेटीच्या पोटात एक रुपया. राणीचा. त्याच्या डोक्यावर पेटीतच एक छापील चिठ्ठी.

"चारूच्या वडिलांनी तिला दिलेला आहे," जयप्रकाश म्हणाले. "तिचा भाऊ अमेरिकेला असतो. त्याने नेला होता दोन वर्षांपूर्वी. तिकडे कंपन्या असतात, नाणं तपासतात, पारखतात आणि असं पेटीत घालून वर चिठ्ठी लावून देतात. परवाच आला. चारूने अजून बघितलेला नाही. रविवारी टेबलावर एकदम बघेल! फक्त जपा."

पेटी उघडू नका, असं ते म्हणाले नाहीत. का म्हणतील? शेजाऱ्याकडे तुळशीला पाणी घालायला सांगून जाताना 'तुळस उपटू नका' असं कुणी बजावून सांगतं का?

जयप्रकाश गेले. हौसेराव चष्मा लावून चिठ्ठीवर वाकले.

"वन, एट, सिक्स, टू. अठराशे बासष्ट. हे इंडिया. हे रुपी, म्हंजे रुपया. आता खाली... एम. एस." ते थबकले. मग त्यांचा चेहरा उजळला. "एमएस! मार्क्स गं, मार्क्स! मार्क्स... चौसष्ट!"

"कुणाला?"

"रुपयाला! तपासला म्हनाले न्हवं का सायेब? तपासला म्हंजे परीक्षा घेतली. परीक्षा घेतली की मार्क आलं!"

बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवर गेली. एकाहत्तर. पुन्हा पेटीवर आली. चौसष्ट. हौसेरावांचा चेहरा पडला.

"प्रेमला, बाईंच्या रुपयाला माझ्यापेक्षा कमी मार्क पडल्यात गं!"

"असूं द्या. समदीच काय हुशार असत्यात?"

पण हौसेरावांना चैन पडेना. ज्या बाईंनी आपल्याला एकाहत्तर मिळवून दिले, त्यांच्या वडिलांचा रुपया चौसष्टवर बसावा? आणि तेही चारचौघांत, प्रदर्शनात? लोक काय म्हणतील! नक्कीच अमेरिकेत तपासताना काहीतरी गफलत झाली असणार. चिठ्ठीवर शेवटी सात आकडे होते. आता सात आकडे म्हणजे काय, हे त्या वर्षी नेरूळमधल्या कुठल्याही माणसाला झोपेत विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. फोन नंबर! पाच वर्षं वाट बघून मिळालेल्या, विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेल्या घरच्या फोनवरून हौसेरावांनी ते सात आकडे फिरवले.

"हालो! म्या नेरुळातनं बोलतोय. ते चौसष्टचं विचारायचं होतं."

"चौसष्ट? एवढं एकदम?" पलीकडून आवाज आला. मागे घरघर चालली होती. "गहू का ज्वारी?"

"रुपया!"

"रुपया नाही, दीड रुपया किलो. आणि चौसष्ट किलो आज नाही होणार. डबे उद्या आणा."

"आवं, दळन न्हाई! मार्क! मार्क का कापलं त्ये सांगा!"

"मापात मारत नाय आपण! तीस वर्षं गिरणी आहे मुलुंडला! कोण बोलतो रे तू?"

हौसेरावांनी फोन खाली ठेवला. अमेरिकेच्या कंपनीत पिठाची गिरणी कशाला असेल, याचा विचार करायला पाहिजे होता. पण त्यांनी एवढाच अर्थ काढला, की कंपनी बेरकी आहे आणि दाद देणार नाही.

तेवढ्यात सारसोळ्याची वेणूबाई मासळीची पाटी घेऊन दारात आली. पाटी खाली ठेवता ठेवता तिची नजर टेबलावर गेली.

"काका, ह्यो काय हाय डबीन?"

"रुपया हाय, वेणूबाई. जुना. चांदीचा."

"चांदीचा?" वेणूबाई कमरेवर हात ठेवून हसली. "मना तं कोलसा वाटला! कवरा काला परलाय! चांदी अशी आसतं का कंदी?"

हौसेरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! खरंच की! रुपया काळसर होता. कडेकडेने निळसर, जांभळट झाक, मध्ये राणीच्या गालावर धुरकट सावली. मळका सदरा घालून परीक्षेला बसलेल्या पोराला मास्तर मार्क देतील का? मळामुळे छत्तीस मार्क गेले!

"प्रेमला," ते गंभीरपणे म्हणाले, "चिंच हाय का घरात?"

"हाय की. का?"

"बाईंचा रुपया शंभरावर न्यायचाय."

इथे खरं म्हणजे प्रेमलाने त्यांना अडवायला हवं होतं. पण प्रेमलाच्या राज्यात काळं भांडं ही शरमेची गोष्ट होती. तिच्या डोळ्यांत तर रुपया बघूनच हात शिवशिवायला लागल्याची खूण दिसत होती.

पण पेटी उघडेना. झाकण नाही, फट नाही, खिळा नाही! हौसेरावांनी नखं लावली, नखं तुटली. विळीचं टोक घातलं, विळी घसरली. अडकित्त्यात धरली, तर अडकित्ताच वाकडा झाला! पेटी मात्र कर्जबुडव्यासारखी तोंड मिटून बसली होती.

"आवं, बदाम कसं फोडतासा?" प्रेमला म्हणाली. "दाराच्या बिजागरीत धरा!"

दार उघडलं, पेटी फटीत धरली, दार लोटलं. कडाड! असा आवाज झाला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "काय पडलं हो?" प्लास्टिकचे दोन तुकडे झाले, चिठ्ठी उडून चपलांच्या खणात गेली आणि एकशे तीस वर्षं मोठ्या इतमामाने जगलेली राणी फरशीवर गिरक्या घेत घेत मोरीपाशी जाऊन पडली.

पुढचा अर्धा तास प्रेमलाचा होता. आधी चिंचेचा कोळ. मग मीठ. मग हट्टी काळेपणासाठी चिमूटभर रांगोळी! अंगठ्याने गोल गोल घासता घासता ती राणीशी बोलतही होती, "हां बया, आता गाल कर हिकडं." रुपया धुऊन पदराने पुसून तिने उजेडात धरला, तेव्हा दोघांचेही डोळे दिपले. नव्या कोऱ्या स्टीलच्या वाटीसारखा!

"बया बया! किती गोरी निघाली गं राणी!" प्रेमला म्हणाली.

हौसेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंचे उपकार अंशभर तरी फिटले, असं त्यांना मनापासून वाटलं. तेवढं खरं होतं. त्या दिवशी त्या घरात खोटं कुणीच काही केलं नाही, निदान तोपर्यंत तरी नाही.

मग प्रश्न आला चिठ्ठीचा. रुपया असा चकचकीत, आणि वर मार्क जुनेच? पास झालेल्या पोराला नापासाचं पत्रक? हौसेरावांनी विचार केला. शंभर लिहावेत, तर ते बरं दिसत नाही. बाईच वर्गात म्हणायच्या, पैकीच्या पैकी कुणाला देत नसतात. मग त्यांनी चाराला हात लावला नाही. फक्त सहा होता, तो ब्लेडने अलगद खरवडला आणि त्या जागी जीभ दातांत धरून, बाईंनी गिरवून घेतला होता तसा, सुबक नऊ काढला. चौऱ्याण्णव!

"बास!" ते म्हणाले. "उगं हाव न्हाई करायची."

आता पेटी पुन्हा बंद करायची. कोपऱ्यावरच्या दुकानातून झटपट चिकटणाऱ्या डिंकाची नळी आली. रुपया बसवला, चिठ्ठी बसवली, कडेने डिंक फिरवला, वरचा तुकडा ठेवून दाबला. डिंक इतका झटपट निघाला की त्याने पेटीबरोबर हौसेरावांचा डावा अंगठाही बंद केला! हात वर केला, पेटी वर. हात खाली, पेटी खाली. दुपारचा चहा त्यांनी उजव्या हाताने घेतला, कारण डाव्या हाताला राणी लटकत होती.

"आता रईवारी हाताला लावूनच जावा परदर्शनाला," प्रेमला म्हणाली.

शेवटी गरम पाण्यात बोट बुडवून, खोबरेल तेल लावून, अंगठा सुटला. थोडी कातडी मात्र आतच राहिली. कडेच्या फटीतून आत गेलेला डिंक धुक्यासारखा पांढरा पसरला होता, आणि त्या धुक्यात, चिठ्ठीच्या अगदी शेजारी, हौसेरावांच्या अंगठ्याच्या सगळ्या रेषा स्वच्छ उमटल्या होत्या.

रविवारी सकाळी फोन वाजला. जयप्रकाश होते. "हौसेराव, घाटात ट्रक उलटलाय. आम्हाला तास-दीड तास उशीर होणार. दहाच्या आत टेबल लावलं नाही तर जागा जाते हो! तुम्ही रुपया घेऊन वाशीला जाल का? बारा नंबरचं टेबल, आमच्या नावाची पाटी आहे."

"जातो की! तुमी बिनघोर या!"

हौसेरावांनी धुतलेलं धोतर, कोट आणि टोपी चढवली आणि रिक्षाने वाशी गाठली. हॉलमध्ये पंचवीस-तीस टेबलं होती, प्रत्येकावर काचेखाली नाणी. हौसेरावांनी पाहिलं आणि त्यांना हसूच आलं. सगळी काळी! एकालाही चिंचेचं ज्ञान नाही! त्यांनी बारा नंबरच्या टेबलावर पेटी ठेवली आणि निकालाच्या दिवशी बोर्डात आलेल्या मुलाचा बाप उभा राहतो तसे शेजारी उभे राहिले.

साडेदहाला परीक्षक आले. मुंबईहून आलेले, बारीक अंगाचे, गळ्यात भिंग अडकवलेले गृहस्थ. त्यांच्यामागे प्रदर्शन भरवणाऱ्या नाणेसंग्राहक मंडळाची पाच-सात माणसं. बारा नंबरवर येताच ते थांबले.

"हे काय चमकतंय?"

"रुपया हाय, सायेब!" हौसेराव पुढे सरसावले. "मार्क्स चौऱ्याण्णव!"

"मार्क्स?"

"ह्ये काय, एमएस!"

परीक्षकांनी हौसेरावांकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे. "अहो, एमएस म्हणजे मिंट स्टेट. टांकसाळीतून निघालं तसंच राहिलेलं, न वापरलेलं नाणं. आणि ही मोजपट्टी सत्तरला संपते. सत्तरच्या वर आकडाच नाही! चौऱ्याण्णव कुठून आले?"

हौसेराव पेटी उचलायला गेले, पण परीक्षकांनी ती आधीच हातात घेतली होती.

परीक्षकांनी भिंग डोळ्याला लावलं. मग ते सरळ झाले आणि मागच्या माणसांना म्हणाले, "या, जरा बघा. अमेरिकेची कंपनी, अमेरिकेची चिठ्ठी, अमेरिकेचा चार. आणि त्याच्या शेजारी हा नऊ बघा! मराठी!"

खरंच होतं. घाईत हौसेरावांच्या हातून लहानपणापासून, म्हणजे साठीपासून, गिरवलेला नऊ उमटला होता. चिठ्ठीवर ऐटीत उभं होतं: ९4.

हॉल हसला! "अमेरिकेत आपली माणसं पोचलीत म्हणायची!" एक म्हणाला. "बालभारतीत छापून घेतलं वाटतं!" दुसरा म्हणाला.

परीक्षक मात्र हसले नाहीत. "पेटी फोडून चिकटवलेली. आत अंगठा उठलाय. चिठ्ठीत खाडाखोड. टेबल कुणाचं? मयेकर? तीस वर्षांचा सभासद, आणि असली बनवाबनवी! नाव लिहून घ्या. अशा माणसाला मंडळात ठेवता येणार नाही." मग ते हौसेरावांकडे वळले. "आणि आपण कोण?"

हौसेरावांनी तोंड उघडलं. सांगायचं होतं ते जिभेवर आलं होतं. पण सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता, आणि जिभेने वेगळंच काहीतरी उचललं.

"मी कोन न्हाई, सायेब. मी निस्तं सामान आणलं. हमाल हाय मी."

आणि ते मागे सरकत सरकत खांबाआड जाऊन उभे राहिले. पस्तीस वर्षं ज्या शब्दाने घाम गाळून ताठ मानेने पोट भरलं, त्या शब्दाच्या आड त्या दिवशी हौसेराव लपले! रुपया घासला, चिठ्ठी खरवडली, त्याचं त्यांना पुढे वाईट वाटलंच. पण सगळ्यांत जास्त खुपली ती खांबाआडची चार-पाच मिनिटं.

कारण तेवढ्यातच जयप्रकाश आणि चारुलताबाई आत आले. हातात प्रवासाची पिशवी, चेहऱ्यावर घाई, आणि बाईंच्या केसांत प्रदर्शनासाठी म्हणून माळलेला गजरा. परीक्षकांनी पेटी पुढे केली. जयप्रकाशांचा चेहरा पांढरा पडला. बाईंनी पेटी हातात घेतली, राणीकडे पाहिलं, डिंकातल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि मग त्या नऊकडे. नऊकडे त्या फार वेळ बघत राहिल्या. तो नऊ कुणाला गिरवून गिरवून शिकवला होता, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं.

"मयेकर, खुलासा?" परीक्षक म्हणाले.

जयप्रकाशांनी चष्मा काढून पुसला. "वस्तू माझी, टेबल माझं," ते हळू आवाजात म्हणाले. "जबाबदारी माझी. माझं नाव काढा."

एवढंच. तिसऱ्या कुणाचं नावसुद्धा घेतलं नाही त्यांनी! खांबाआड हौसेरावांना वाटलं, त्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. ते बाहेर आले.

"थांबा, सायेब. नाव काढू नगासा. त्यो नऊ माझा हाय."

"पण तुम्ही तर हमाल..."

"हमाल हाय. पर सामान निस्तं न्हाई आणलं मी. पेटी मी फोडली, दाराच्या बिजागरीत. शंभरातलं मार्क समजून वाढीवलं. मयेकरसायबांनी माझ्यावर भरवसा ठेवला, तेवढीच त्यांची चूक."

"आणि हा अंगठा?"

हौसेरावांची मान खाली गेली. "माझाच. सही येती मला. दोन वर्सं झाली, कुठं अंगठा दिला न्हवता. हितंच दिला."

आता कुणी हसलं नाही. परीक्षकांनी रुपया कलता करून उजेडात धरला, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज घाबरा झाला. "याला... याला काय लावलंत?"

"चिंच. आनि वर जरा रांगोळी."

हॉलभर अशी शांतता पसरली की जणू राणी त्याच क्षणी वारली! मागच्या एका म्हाताऱ्याने तर खुर्ची ओढून घेतली आणि खाली बसला. परीक्षकांनी दीर्घ श्वास सोडला, तक्रारीसाठी लिहून घेतलेलं जयप्रकाशांचं नाव स्वतःच्या पेनाने खोडलं, एका कागदावर एकच शब्द लिहिला, तो कागद पेटीखाली सरकवला आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

हॉलच्या मागच्या व्हरांड्यात तिघं बसले. जयप्रकाश चहा आणायला म्हणून उठले आणि दूर पाठ करून उभेच राहिले. हौसेराव बाकाच्या टोकाला, टोपी गुडघ्यावर घेऊन. पेटी बाईंच्या मांडीवर.

"बाई, शिव्या द्या," हौसेराव म्हणाले.

"शिव्या कशाला?" बाई रुपयाकडे बघत म्हणाल्या. "चूक माझीही आहे. मी तुम्हाला मार्क वाचायला शिकवले. कितीपैकी, ते विचारायला शिकवलंच नाही."

हौसेरावांनी मनातल्या मनात हिशेब केला. सत्तर. चौसष्ट. मग त्यांनी घाबरत घाबरत विचारलं, "म्हंजे... सहाच गेलं हुतं?"

"सहाच."

"पयला वर्ग!"

"पहिल्या वर्गाच्याही वर."

"आनि ते काळं?"

"ते काळं नव्हतं, हौसेराव. चांदी हळूहळू तसा रंग धरते. सव्वाशे वर्षं कुणी तिला हात लावला नाही, त्याचा तो रंग. माझ्या बाबांनीसुद्धा कधी पुसला नाही. त्या रंगावर भाळतात लोक."

हौसेरावांनी गुडघ्यावरची टोपी उलटीसुलटी फिरवली. व्हरांड्याखालून एक रिक्षा गेली. मग त्यांनी खाली मान घालूनच विचारलं, "आता किती मार्क पडतील वो, बाई?"

"आता आकडा नाही देत. अशा नाण्याच्या चिठ्ठीवर नुसता शब्द लिहितात." बाईंनी परीक्षकांचा कागद त्यांच्या हातात दिला. "हा."

हौसेरावांनी चष्मा नाकावर सरकवला. या वेळी घाई केली नाही. एकेका अक्षरावर बोट ठेवत, वर्गात वाचायचे तसं वाचलं. "सी... एल... ई... ए... एन... ई... डी. क्लीन्ड." ते थांबले. बाईंनीच शिकवलेला शब्द! त्यांच्या पडलेल्या चेहऱ्यावर कसनुशी आशा उमटली. "क्लीन म्हंजे सोच्छ. क्लीन्ड, सोच्छ केल्याला. बाई, मग ह्यो तर चांगला सबूद हाय की!"

चारुलताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसताहेत की रडताहेत, ते हौसेरावांना कळेना, आणि विचारायचा धीर होईना.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले, कागदाची घडी घातली आणि पेटीसकट पिशवीत ठेवली.

"वाचलंत मात्र अगदी बरोबर हो, हौसेराव," त्या म्हणाल्या.